'हँसिए'ची पाटी

त्याच्या कुर्त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि कार्यक्रम सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती.

"हिलिए मत," मी म्हणाले. ओठांत धरलेली टाचणी काढून त्याचा चिकनकारीचा कुर्ता गळ्यापाशी टाचला, वर माइक अडकवला. जानेवारीतल्या लखनौत माझी बोटं बर्फ झाली होती. ती त्याच्या गळ्याला लागली... तो दचकला. मीही.

"आवाज़ देखनी है. एक-दो-तीन बोलिए."

तो बोललाच नाही. नुसता बघत राहिला. टपोरे डोळे, जरासे घाबरट.

"बोलिए ना! एक... दो..."

माझा आवाज चढला. तो चढतोच. हळू बोलणं देवानं मला दिलंच नाही.

आणि त्यानं एकदम मराठीत विचारलं, "मानक नगर कॉलनीतल्या ना? दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या नाटकाला... प्रॉम्प्टिंग तुम्हीच केलं होतं?"

मी झटकन मागे सरले.

ते नाटक! आमच्या महाराष्ट्र मंडळातली मुलं लखनौतच वाढलेली. मराठी समजतं सगळ्यांना, पण बोलताना गाडी हिंदीवर घसरते. म्हणून आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा प्राण. त्या वर्षी नेमक्या प्रयोगादिवशी नेहमी प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मृणालमावशीचा घसा बसला आणि ऐनवेळी नाटकाची वही माझ्या हातात आली. मी विंगेत बसले. पहिल्या अंकात नायक, कॉलनीबाहेरचा कुणी, गप्प. मी वाक्य सांगितलं. तो गप्पच. मी जोरात सांगितलं... मग आणखी जोरात. शेवटी त्याची अख्खी भूमिका मीच विंगेतून म्हटली आणि तो दाढीमिशा लावून नुसता उभा! प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. तेवढ्यात कुणीतरी विंगेचा पडदा ओढला आणि वहीसकट मी सगळ्यांना दिसले. तशीच पळाले. त्यानंतर मंडळात पाऊल टाकलं नाही. कॉलनीत माझं नाव 'भोंगा' पडलं ते पडलंच.

म्हणून तर ही नोकरी पत्करली. हजरतगंजातल्या या छोट्या केबल चॅनेलवर 'अपनी-अपनी हँसी' नावाचा कार्यक्रम व्हायचा. तीन विनोदवीर यायचे आणि आपल्याला सगळ्यात आवडलेल्या विनोदाबद्दल गप्पा मारायचे. मी कॅमेऱ्याखाली बसून पाट्या उचलायची. 'हँसिए' उचलली की हॉलमधल्या लोकांनी हसायचं, 'तालियाँ' उचलली की टाळ्या. तोंड उघडायचं कामच नाही.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"सत्यजित खांबेटे. चिनहटच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कविसंमेलनांतलं नाव चकोर लखनवी."

यादीत नुसतं 'चकोर लखनवी' होतं. आणि त्याच्यापुढे, विषयाच्या रकान्यात, आमची निर्माती प्रतिमादीदी हिच्या अक्षरात लिहिलं होतं - 'गणेशोत्सव का नाटक'.

"नाही," मी म्हणाले. "हात जोडते. त्या नाटकाबद्दल एक अक्षर काढू नका. कार्यक्रम थेट जातो... घरी आई बघतेय, अख्खी कॉलनी बघतेय."

"पण मी आलोय तेच सांगायला... तुम्ही आधी ऐका तर—"

"ऐकलंय मी! दोन वर्षं तेच ऐकतेय!"

"एक मिनट!" आतून प्रतिमादीदी ओरडली. तिचा शब्द म्हणजे शेवटचा. सत्यजित दिव्यांकडे गेला. जाता जाता त्यानं वळून पाहिलं. मी नाही पाहिलं... म्हणजे, पाहिलं. पण रागानं.

कार्यक्रम सुरू झाला. कानपूरचे गोलमटोल हास्यकवी बोलले, मग मिमिक्री करणाऱ्या एक बाई. मी यंत्रासारखी पाटी उचलत होते.

"और चकोर साहब, आपकी पसंदीदा कॉमेडी?"

"एक मराठी नाटक," तो म्हणाला, "जो पूरा का पूरा परदे के पीछे से सुनाई दिया."

लोक पुढे सरकले. त्यानं सगळं सांगितलं. वही, विंग, चढत जाणारा आवाज. एकेक वाक्य माझ्या कानात तापलेल्या तेलासारखं पडत होतं. हेडफोनमध्ये प्रतिमादीदी खेकसली, "हिमानी, पाटी!"

माझ्याच फजितीवर हसा म्हणून मीच सांगायचं? मी पाटी मांडीवर उलटी ठेवली. गेली नोकरी तर गेली.

"सब उस लड़की पर हँसे," सत्यजित म्हणाला. आवाज बदलला होता त्याचा. "ग़लत आदमी पर हँसे. दाढ़ीवाला हीरो मैं था."

मी मान वर केली.

"और मैं एक भी लाइन भूला नहीं था. पहली लाइन उस आवाज़ में सुनी, तो सोचा... दूसरी भी उसी में सुन लूँ. फिर तीसरी. ऐसे पूरा नाटक सुन लिया. वो बदनाम हुई मेरी वजह से. दो बार माफ़ी माँगने उसके घर के फाटक तक गया. हज़ार लोगों के सामने बोलता हूँ, वहाँ घंटी नहीं बजा पाया. आज वो मिली है, तो उससे कहना है कि..."

आणि तो अडकला.

एक सेकंद. दोन... पाच. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच. त्याचे ओठ हलत होते, शब्द नव्हता. "बोलता क्यों नहीं ये!" दीदीचा आवाज कानात थरथरत होता.

या वेळी तो खरंच विसरला होता. ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. प्रॉम्प्टरला दिसतं.

राग कुठे गेला, कळलं नाही. हा माणूस माझ्यासाठी सगळ्या शहरासमोर स्वतःचं हसं करून घ्यायला आला होता, आणि आता एका वाक्यावाचून बुडत होता. मी त्याला बुडू देणार नव्हते.

"अहो, बोला ना!"

केवढ्यानं ओरडले मी! त्याच्या गळ्यातल्या माइकनं ते अलगद टिपलं आणि घराघरांत पोचवलं. आणि हॉल हसला. पाटी न उचलता, खराखुरा, कडकडून हसला. कानपूरचे कवी तर खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. गंमत म्हणजे मला पळून जावंसं वाटलं नाही.

सत्यजितही हसला. मग उठून दिव्यांच्या कडेला आला, माझ्यासमोर वाकला, आणि मराठीतच म्हणाला, "मला माफ करा. आणि... हा आवाज मला रोज ऐकायचाय. चालेल?"

हॉलमधल्या बाकी कुणाला मराठी येत नव्हतं. कळलं मात्र सगळ्यांना.

माझे ओठ हलले, आणि जन्मात पहिल्यांदा माझा आवाज इतका हळू आला की मलाच ऐकू आला नाही.

"ऐकू नाही आलं," तो कुजबुजला.

"ज़ोर से, बिटिया!" मागून कानपूरचे कवी मला प्रॉम्प्टिंग करू लागले. मग अख्खा हॉल, "ज़ोर से! ज़ोर से!"

मी श्वास भरून घेतला.

"हो!"

आई सांगते, टीव्ही बंद असता तरी मानक नगरला ऐकू आलं असतं.