भिंतीवरचे फिके चौकोन

नव्या घराच्या भिंती बघितल्या आणि फ्लॉसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोळिंजच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत भिंतभर फिके डाग. कुणाचं तरी सामान वर्षानुवर्षं टांगलेलं असावं तसे. इथे गोल, तिथे उभट चौकोन, दाराजवळ क्रूस.

घरमालक आत्मारामशेठना तिने जिन्यातच गाठलं. "आधीच्या बिऱ्हाडाची घाण आमच्या गळ्यात बांधता होय?"

"कसलं बिऱ्हाड, वहिनी? गिलावा अजून सुकतोय. तुमच्या आधी इथे कुणी चूलसुद्धा पेटवली नाही."

खोटारडा मेला, म्हणत ती वर आली. गास गावात सासरी सात वर्षं तिने तोंड उघडलं की सासू मटिल्डा भांडी आपटायची आणि नवरा हिलरी मान खाली घालून जेवत राहायचा. फ्लॉसीचं म्हणणं कधी कुणी ऐकलंच नाही. आता हे घर तिचं. इथे तिचाच शब्द चालणार होता, आणि सासूच्या तोंडून 'घर छान लावलंस' एवढं वदवून घेतल्याशिवाय ती गप्प बसणार नव्हती.

पैसे बेताचेच. जुन्या साडीचे पडदे झाले, फळांच्या खोक्यावर भरतकामाचा कपडा टाकून टेबल झालं. चुन्यात नीळ आणि सरस कालवून तिने स्वतः भिंतीला दोन हात दिले. चुना वाळला, डाग जसेच्या तसे वर आले. तिसरा हात दिला. तरी तेच.

"मग बसा बोंबलत!" म्हणून तिने गोल डागावर माहेरचं घड्याळ टांगलं. कडेला कड लागली. दाराजवळ क्रूस बसला, उभ्या चौकोनात आरसा. तिच्या आरशाचा खालचा कोपरा गासच्या भांडणात फुटला होता. डागाचाही तोच कोपरा तुटका होता. फ्लॉसीच्या अंगावर काटा आला, आणि त्याचाही तिला रागच आला.

एक चौकोन तेवढा उरला. प्रार्थनेसाठी भिंतीला ठोकलेल्या वेदीच्या फळीच्या वर, वहीएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंनी धुराच्या काळ्या रेघा वर गेलेल्या. त्या मापाचं घरात काहीच नव्हतं. तिने सुरीने गिलावा खरवडला. आतही चौकोन होताच.

"इथे काही लावायचं नाही, सांगून ठेवते!"

हिलरीने मान डोलावली, नेहमीसारखी.

रविवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार होते, सासूही येणार होती. सकाळी फ्लॉसी पाव घेऊन परतली, तर चौकोन झाकलेला. काचेच्या फ्रेममध्ये ती स्वतः हसत होती.

"तुझा फोटो मोठा करून घेतला, खूश होशील म्हणून," हिलरी म्हणाला. "खिळासुद्धा मारावा लागला नाही. होताच तिथे."

"काढ आधी! एक गोष्ट, एकच गोष्ट सांगितली होती तुला!"

"आजच्या दिवस राहू दे. माणसं जिना चढतायत."

पावाची पिशवी खोक्यावर आपटून ती फोटोकडे धावली. तेवढ्यात मटिल्डा आत आली, मागोमाग फादर. फ्लॉसीच्या अंगावरूनच ती वेदीपाशी गेली, पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना लावल्या.

"आई, विझवा त्या."

कुणी वळलं नाही.

"माझं घर आहे हे! विझवा म्हणते ना!"

फादरांनी पुस्तक उघडलं. हिलरी मान खाली घालून उभा होता. त्याच्या बाहीवर काळी फीत होती. मघाशी नव्हती.

धूर भिंतीवरच्या रेघांवरून सरळ वर चढला.

मटिल्डाने पदराने डोळे टिपले आणि खोलीभर नजर फिरवली.

"पोरीने घर काय छान लावलं हो," ती म्हणाली. "एकदा तरी तिला सांगायला हवं होतं."