कॉडचं वॉलप

"साफ थाप आहे ही!"

जोएल सगडननं माझ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं. तेही पंचवीस पाहुण्यांच्या देखत!

आमच्या यॉर्कशायरच्या गावात काचेच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. दर शनिवारी मी तिथे पाहुण्यांना फिरवते. त्या दिवशी गोळीच्या सोडाबाटलीपाशी थांबून मी नेहमीची गोष्ट सांगत होते. "ही कॉडसाहेबांनी शोधून काढलेली बाटली. वॉलप म्हणजे बिअर. बिअर पिणाऱ्यांनी या मिळमिळीत पाण्याला नाक मुरडून 'कॉडचं वॉलप' म्हटलं. म्हणून आजही कुणी काहीतरी बरळलं की आपण म्हणतो, कॉड्सवॉलप!"

"बाटली दीडशे वर्षांपूर्वीची," तो ओल्या कोटातला उंच मुलगा म्हणाला, "आणि शब्द छापलेला सापडतो १९५९ साली. मधली पंच्याऐंशी-नव्वद वर्षं लोक काय तोंडात गोळी धरून बसले होते?"

सगळे हसले. माझे कान तापले. ही गोष्ट सांगणारं बाटलीखालचं कार्ड माझ्या आजोबांनी लिहिलेलं, खाली त्यांचं नाव. चाळीस वर्षं त्यांनी काचभट्टीत घाम गाळला. आणि हा टिकोजीराव कोण? तर शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या जन्मतारखा शोधणारा!

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही.

"तुम्हाला दुसरा उद्योग नाही का हो?"

"आहे ना. पण तो तुमच्याइतका छान चिडत नाही."

हलकट! वर हसला… आणि मला ते हसू आवडलं, याचाच जास्त संताप आला.

चौथ्या शनिवारी कळलं, यानं विश्वस्तांना पत्र लिहिलंय—कार्ड काढा म्हणून. मी त्याला दारातच गाठलं.

"माझ्या आजोबांचं नाव तिथे त्या एका कार्डावरच आहे. तेही पुसणार तुम्ही? चला, त्यांच्या तोंडावर सांगा!"

बाही धरून मी त्याला घरी नेलं. आजोबा चहा ओतत होते. त्यानं चाचरत सगळं सांगितलं.

"बरोबर बोलतोय पोरगा," आजोबा म्हणाले. "थापच ती."

"आजोबा!"

"अगं, पबमध्ये ऐकलेली. तुझी आजी माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती. ही गोष्ट सांगितली तशी खुदकन हसली… मग सांगतच सुटलो. काढून टाक ते कार्ड, पोरी. माझं काम कधीच झालं."

मी तरातरा परसात गेले. जोएल मागोमाग आला.

"रागावलीस?"

"दोघांवर! ते थापा मारतात म्हणून, आणि तू मारत नाहीस म्हणून. एखादी गोड थाप मारायला काय जातं रे तुझं?"

"मला… जमत नाही."

"मग खरं सांग. चार शनिवार त्या शब्दासाठी आलास?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"शब्दाचं काम पहिल्याच शनिवारी संपलं होतं, हेटी. बाकीचे तीन… तुझ्यासाठी. तू मला फार आवडतेस."

"आणि हे सांगायला महिना लागतो होय!" मी ओरडले, आणि त्याचा हात घट्ट धरला.