कठड्याचा ठराव

एकोणीसशे बहात्तर साली मला खानदेश बंधू मंडळाचा अध्यक्ष केलं, ते काही माझ्या गुणांमुळे नव्हे. दुसरं कोणी तयारच नव्हतं. मला हार घालताना लोकांचे चेहरे असे सुटल्यासारखे दिसत होते की तेव्हाच शंका यायला हवी होती. माझं नाव शालिग्राम. पांडेसऱ्याच्या, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी घडी खात्यावर होतो, आणि भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता.

मंडळ म्हणजे गोडादऱ्याच्या वाटेवरची पत्र्याची एक लांबट खोली. सुटीच्या दुपारी सगळे सतरंजीवर रांगा करून बसत. धुळे, अमळनेर, चोपड्याकडची माणसं, आणि हातांवर त्या आठवड्याचा रंग. मंडळाची एक रीत होती. ठरावाला हात वर करायचा तो समोर बघूनच, मागे वळायचं नाही. कोणी कशाला हात केला ते शेठच्या कानावर जाऊ नये म्हणून ती पडली होती. त्यामुळे सगळे हात एकट्या अध्यक्षाला दिसत.

नव्या अध्यक्षाने वर्षाचे संकल्प सांगायचे असतात. भजनाच्या पेटीचा भाता दुरुस्त करू, मराठी पेपर सुरू करू, गावाकडून नव्याने येणाऱ्यांना इथे टेकायला जागा देऊ, असलं गोडगोड मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग खरं ते बोललो. कारखान्यातल्या उकळत्या रंगाच्या हौदाला कमरेएवढा लोखंडी कठडा हवा, आणि तो मंडळाने सगळ्यांच्या वतीने मागायचा. टाळ्या थांबल्या.

आदल्या वर्षी चिंधा त्या हौदात पडला होता. सुपरवायझर मगनभाई सगळ्यांदेखत गुजरातीत म्हणाला, "पीधेलो हतो." प्यायला होता म्हणे! चिंध्याने जन्मात थेंब घेतला नव्हता. पण दारूबंदीच्या राज्यात मेलेल्या माणसाला दारू बरी लगेच मिळते. मंडळाने मयत उचलली, अंघोळ मी घातली. कोंडा लावला, सोडा लावला, तरी उजव्या हाताचा जांभळा रंग काही निघेना. तसाच जाळला त्याला. आणि आता चिंध्याच्या जागी, त्याच ओल्या फळीवर, माझा धाकटा भाऊ सुपडू उभा राहत होता. कठडा मला हवा होता तो त्याच्यासाठी. खोटं कशाला बोलू?

"कठड्याच्या बाजूने?" मी विचारलं.

कोणी सतरंजीचे दोरे उपटत होतं, कोणी खोकत होतं. हात मात्र एकही हलला नाही. मला सगळ्यांची किळस आली, सुपडूचीसुद्धा.

मग शेवटच्या रांगेच्याही मागे, पत्र्याच्या भिंतीशी, एक हात वर गेला. खांद्यापर्यंत जांभळा. चला, आहे एक तरी मर्द, म्हणून मी मान उंच करून बघितलं. हाताखाली माणूस असायला हवा तिथे नुसता पत्रा होता.

तो हात मी स्वतः घासला होता. मला तो ओळखू येत होता.

सभा आटोपल्यावर मी भिंतीशी जाऊन बघितलं. पत्रा तापला होता, तो उन्हानेही तापला असेल. खालची जमीन ओली होती. कोणीतरी ओलं धोतर पिळलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बोट लावलं तर पाणी कढत लागलं.

घरी जाताना सुपडू म्हणाला, "भाऊ, जाऊ दे ना तो कठडा. शेठ मले कामवरथीन काढी टाकी. मना पाय घसरस नही."

"चिंध्याचा घसरायचा का?"

त्याने वाटेत लागलेल्या बकरीला उगाच दगड मारला.

दुसऱ्या दिवशी मी पंडितआप्पांना गाठलं. माझ्या आधीचे अध्यक्ष ते, कायमचे अमळनेरला निघाले होते आणि वळकटी बांधत होते. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही कधी कठड्याचा ठराव मांडला होता?"

त्यांनी दोरी सोडली नाही. "एकदाव मांडेल होता."

"मग?"

"एकच हात वर गया. तू वळखा ना? मंग मले काबरं इचारस?" दोरीची गाठ दाताने आवळून ते हळूच म्हणाले, "भिंतकडे देखू नको, शालिग्राम."

म्हणजे बघायचं नाही आणि बोलायचंही नाही. असले अध्यक्ष! मी चिडलो. पुढच्या सभेत पुन्हा तोच ठराव मांडायचा, असं त्यांच्या दारातच ठरवलं.

त्या दिवशी खोली गच्च भरली होती. सुपडू पुढच्या रांगेत, माझ्या अगदी समोर बसला होता. त्या आठवड्यात हळदी रंग चालू होता, त्याचे दोन्ही हात पिवळे होते. ते त्याने गुडघ्यांत दाबून धरले होते.

"कठड्याच्या बाजूने?"

गरम ओल्या कापडाचा वास आला. पुढच्यांनी नाकं मुरडली. मागे कोणीही वळलं नाही.

भिंतीशी जांभळा हात वर गेला.

त्याच्या शेजारी आणखी एक वर गेला. तोही जांभळा. करंगळी मुळातूनच बाहेर वाकलेली. लहानपणी बैलगाडीच्या जुवाखाली सापडून मोडलेली ती करंगळी मीच कामटी बांधून बसवली होती, आणि ती वाकडीच बसली.

मी पुढच्या रांगेकडे बघितलं. सुपडूचे दोन्ही हात गुडघ्यांतच होते.

"सुपडू," मी म्हणालो. "हात वर कर. तुझ्या जिवासाठी मागतोय रे मी. कर वर!"

त्याने खाली बघितलं.

रीत म्हणून मला पुढचं विचारावं लागलं. "विरोधात?"

पहिला हात सुपडूचा वर गेला. पिवळा, वाकड्या करंगळीचा. मग बाकीचे भराभर गेले, सगळी खोली हातांनी भरली.

त्या हातांच्या मागे, भिंतीशी, तीच वाकडी करंगळी अजून वर होती. तिच्यावरून जांभळं पाणी ठिबकत होतं, आणि समोर बसलेला सुपडू माझ्याकडे बघून ओशाळं हसत होता.