मगातला अर्धा चहा

आई करवीरनिवासिनी, तुझ्या पायरीवर मस्तक ठेवतो. तुझ्या नावाचा दिवा मध्ये ठेवूनच ही गोष्ट सांगतो. माझ्या वाणीत खोटे येऊ देऊ नकोस, आणि ऐकणाऱ्यांना भय वाटले तर ते तुझ्या पदरात घे.

राजवर्धन, दार तेवढे लोटून घे. अनुजा, समईत तेल आहे ना? बस, बाळ.

आपल्या कसबा बावड्यातले सुभेदार आकाराम. भजनात माझ्या डाव्या हाताला बसून टाळ धरतात, तेच. फौजेत त्यांचा एक जिवलग होता, नाईक सयाजी. दोघे एकाच दिवशी भरती झाले आणि पुढे बर्फातल्या एका चौकीवर एकाच मगातून चहा प्यायले. रीत ठरलेली होती. आधी अर्धा सयाजीने प्यायचा, उरलेला अर्धा आकारामांचा. एका पहाटे पहाऱ्यावर गेलेला सयाजी परतला नाही. बर्फाने त्याचा देहही परत दिला नाही.

सयाजीचे गाव मसाई पठाराखालचे. म्हणून निवृत्तीनंतर आकारामांनी पन्हाळ्यापलीकडे, त्या पठाराच्या कडेला, त्याच्या नावाचा एक साधा दगड उभा केला. दर मार्गशीर्ष अमावास्येला ते तिथे जात. पायताण दूर काढत, दगड ओल्या फडक्याने पुसत, झेंडूची माळ घालत, कढत चहा ओतत, सलाम करत आणि मुकाट्याने पाठ फिरवत. पठार पाहायला आलेली पोरे दगडाला टेकून फोटो काढत. आकाराम त्यांच्यावर रागवत नसत. "पायताणं तेवढी काढा रं," एवढेच म्हणत. पोरे ओशाळून पायताणे काढत आणि जाताना हात जोडत.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. तेव्हा त्यांनी मुलाला, विश्वजितला, पाठवले.

"दिस मावळायच्या आत माघारी फिरायचं. आणि तितं तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई."

"का वो आबा? दगूड बोलतोय व्हय?"

"दगूड न्हाई बोलत लेका. तुजी जीभ सैल हाय."

विश्वजितला डेअरीवर उशीर झाला. तो दगडापाशी पोहोचला तेव्हा पठारावर अंधार उतरला होता. त्याने सारे यथासांग केले. सलाम केला, पाठ फिरवली, आणि त्याला एकाएकी वाईट वाटले. इतक्या थंडीत एका माणसाला एकटे सोडून आपण घरी निघालो, असे वाटले. आपली कोल्हापूरची माणसे. वाटेत भेटलेल्यालाही घरी बोलावल्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले,

"बरं काका, येतो. या की एकदा घराकडं, च्या प्यायला."

वारा थांबला.

त्याने मोटारसायकल सुरू केली. मागची सीट खाली दबली, जसे कोणी भारी माणूस बसावे. आरशात पाहिले. आरशात अंधारच होता. परंतु पाठीच्या मधोमध थंडी वाजू लागली. वाऱ्याची नव्हे. बर्फाची.

घाट उतरून तो वाघबीळच्या वळणावर आला, तोच फोन वाजला. त्याची आई, शालूबाई.

"विश्वा, कुटं हाईस? आबा उठून बसल्यात. पेटीतला युनिफॉर्म घातलाय त्यांनी."

"कशाला?"

"म्हणत्यात... सयाजी निघालाय."

आपण काय बोलून बसलो, ते त्याला तेव्हा उमगले. घरी जावे तर हे आबांच्या दारात जाणार. त्याने गाडी बंद केली. खाली उतरला. रात्र इथेच काढीन, पण घरी नेणार नाही, असे त्याने ठरवले.

सीट हळूच वर आली.

मग रस्त्यावर बुटाचा आवाज झाला. त्याच्या शेजारून. मग थोडा पुढे. मग आणखी पुढे...

कोल्हापूरच्या दिशेने.

बोलावणे पोहोचले होते. आता वाट दाखवायला त्याची गरज नव्हती.

त्याने गाडी कशी हाकली, ते त्यालाच आठवत नाही. दारात आला. गल्लीतली कुत्री भिंतीला चिकटून बसली होती. गप्प. आकाराम उंबऱ्याच्या आत ताठ उभे. छातीवर पदके. ते मुलाकडे पाहत नव्हते. त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होते.

"लई वाट बघाय लावलीस, गड्या."

शालूबाई आत गेल्या. त्यांनी फौजेतला जुना मग काढला, चहा भरला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. "बोलावलेला पावणा हाय," त्या पुटपुटल्या. "च्या पिल्याबिगर हलायचा न्हाई."

वाफ निघत होती.

"मला न्यायला आलास?" आकारामांनी विचारले.

...

"व्हय?"

...

"बरं."

उंबऱ्याबाहेरचा मग फरशीवर घासला. एकदाच.

वाफ थांबली. चहा अर्धा उरला होता.

आकारामांचा हात उंबऱ्याबाहेर गेला. मगाकडे. शालूबाईंनी झेप घेऊन मनगट धरले.

"न्हाई! त्यो अर्धा तुमचा असंल. पर आज न्हाई."

आणि अंधाराकडे वळून त्यांनी हात जोडले. आपल्या घरातली बाई पाहुण्याला निरोप देताना 'या' म्हणते. दुसरा शब्द तिच्या जिभेवर येत नाही. शालूबाईंनी तो आणला.

"भावजी, च्या झाला. आता जावा."

...

"जावा."

कुत्री एकदम भुंकू लागली. आकाराम खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

शालूबाईंनी मग उचलला, तर बोटांची कातडी त्याला चिकटली. उरलेला चहा दगडासारखा गोठला होता. आकाराम म्हणाले, "टाकू नगा. माजा वाटा हाय." म्हणून शालूबाईंनी तो देव्हाऱ्याखाली ठेवला. पौष गेला, शिमगा गेला, चैत्र गेला. चहा तसाच.

आज भजनाला माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी राहिली, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन आलो. ते झोपले होते. श्वास चालू होता. मी तो मग हातात घेतला. वैशाखाच्या उकाड्यातही बर्फ तसाच होता. फक्त कडेला एक थेंब सुटला होता. मी त्याला बोट लावले.

थेंब कढत होता.

बाळांनो, आई जगदंबा तुमच्या उंबऱ्यावर सदैव उभी राहो. तुमच्या घरातली माणसे घरात राहोत, दूर पहाऱ्यावर असलेली सुखरूप परत येवोत, आणि जी परतली नाहीत त्यांना तिच्या पायाशी ऊब मिळो. सर्वांचे कल्याण होवो.