न लवणाऱ्या पापण्या

"काकानंच बाबांना जिन्यावरनं ढकललं," वैशाली ऋतुजाला म्हणाली. "आणि वर सख्ख्या भावाच्या मढ्याकडं टक लावून बघत बसला. डोळ्यांत टिपूस नाय!"

पेणच्या ऋतुजा म्हात्रेचा खासगी तपासात जम बसला होता. तिचा मदतनीस निलेश तेवढं ऐकूनच काकाला दोषी ठरवून मोकळा झाला. दुपारी दोघं रोह्याला, पूल ओलांडून अष्टमी गावात वैशालीच्या घरी पोचले.

दारातल्या चपलांशी ऋतुजा रेंगाळली. एक जोडी वैशालीच्या मेलेल्या बाबांची, मोरूची, दुसरी नाथाकाकाची. दोन्ही चवड्याकडं पार झिजलेल्या, टाचा मात्र धड.

"बाबा वर चढत होते," मोरूचा मुलगा आदर्श सांगू लागला. "मी खालनं ओरडलो, चष्मा राहिला. ते वळायला गेले नि कोसळले."

"आणि काका?"

"लगेच वर बघितलं तर जिन्यालगत खुर्चीतच होते."

"बाबांचे तळहात खरचटले होते?"

"नाय. सगळा मार तोंडावर."

बेसावध माणसाला ढकललं की असंच, निलेशला वाटलं.

मोरूची बायको गिरजाबाई भिंतीकडं बघत बोलली. "आमच्या ह्यांनी दोन वर्षं वैर धरलं व्हतं गो माझ्याशी. ताट वाढलं तरी रोखून बघायचे, पापणी लवायची नाय. भात करपून धूर झाला, तरी वास आला म्हणायचे नाय. मग मीपण बोलणं टाकलं."

वरच्या खोलीत ऋतुजा नाथाकाकासमोर बसली. बराच वेळ घड्याळाकडं नि त्याच्याकडं बघत राहिली.

"भावाला हात लावलात?"

"नाय." आवाज जेमतेम ऐकू आला.

"जरा उठता का?"

तिसऱ्या झटक्याला तो उठला. ऋतुजानं सगळ्यांना वर बोलावलं.

"आपल्या पापण्या मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपोआप लवतात. काकांच्या दोनदाच लवल्या. हे काम मेंदूचं. तिथलं डोपामिन नावाचं रसायन आटलं की पापण्या मंदावतात, चेहरा थिजतो, पाय फरफटतात, वासही जातो. हा कंपवात असावा."

"पण हात कुठं कापतायत?" निलेशनं विचारलं.

"कापायलाच हवेत असं नाही. काही घरांत तो रक्तातून उतरतो. पक्कं डॉक्टर सांगतील, गोळ्याही देतील. दोघांच्या चपला सारख्याच झिजल्यात, म्हणजे मोरूकाकांनाही तोच असावा; वळताना त्यांचे पाय अडकले, सावरायला हात पुढं आले नाहीत. आणि ज्याला उठायला तीन झटके लागतात, तो ढकलून लगेच खुर्चीत परत कसा बसेल?"

"म्हणजे माझ्या हाकेनं..." आदर्श जिन्याकडं बघू लागला.

"हाकेनं नाय रे. आजारानं," ऋतुजा म्हणाली.

वैशालीला काकाकडं बघवेना.

"म्हणजे आमचे हे रागावले नव्हते?" गिरजाबाईनं विचारलं.

"नाय, मावशी."

"मग रोज बघत काय व्हते?"

"तुमच्याकडंच बघत होते."

गिरजाबाईनं पदर तोंडाशी धरला. "दोन वर्षं गो... एक शब्द नाय बोलले मी."

मग डोळे पुसून ती दिरासमोर जाऊन बसली. "भाऊजी, जेवलात काय?"

नाथाचा चेहरा हलला नाही. ती उत्तराची वाट बघत बसून राहिली.