डाव्या बाजूचा भार

बोटीवर दाराची कडी वाजवायची गरज नसते. कोणी काठावरून मागच्या टोकावर पाय ठेवला की बोट झुकते आणि आतल्या माणसाला पाहुणा आल्याचं कळतं. कालव्यावर अर्धा जन्म काढलेल्या वहिनींना तर त्या झुकण्यावरून माणूसही ओळखता यायचा. मुलगी आली की कपातला चहा नुसता थरथरायचा. गोदीतला मिस्त्री आला की छताचा दिवा हलायचा. आणि नवरा घरी आला की शेगडीवरच्या किटलीचं झाकण वाजायचं. अंगानं दांडगा माणूस. काठावरचे लोक त्यांना प्रेमानं गोदामभाऊ म्हणायचे आणि तेही ओ द्यायचे.

गोदामभाऊंची जागा ठरलेली होती. डाव्या अंगाचा, शेगडीजवळचा बाक. तिथे एकदा बसले की ते जेवायलाही उठत नसत, आणि सगळी बोट त्यांच्या बाजूला कलायची. बशीतला चहा डावीकडून सांडायचा. शेवटी मिस्त्रीने उजवीकडच्या फळ्यांखाली लोखंडाच्या लाद्या टाकून दिल्या. इकडे नवरा, तिकडे नवऱ्याएवढं लोखंड. झाली बोट सरळ. फक्त भाऊ उतरून बाजारात गेले की ती उजवीकडे झुकायची आणि दिवा कपाटाला जाऊन टेकायचा. दिवा कपाटापासून सुटला की वहिनी दुसरा कप काढायच्या.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी भाऊ गेले. इस्पितळात, पलंगावर, फारसा त्रास न होता. वहिनी रडल्या नाहीत. मुलीने वाट पाहिली, शेजारच्या बोटींवरच्या बायकांनी ‘रडून मोकळ्या व्हा’ म्हणून सांगून पाहिलं. वहिनींची रडायला हरकत नव्हती, रडू येत नव्हतं इतकंच. पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. त्या बोटीवर परतल्या आणि कामाला लागल्या. तळात साचलेलं पाणी उपसायचं, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला ग्रीस भरायचं, शेगडीची राख काढायची, दोर कुठे झिजलेत ते बघायचं. कामं हातांनी आपली आपण उरकली.

त्यामुळे दिवा सरळ लोंबतोय हे त्यांच्या लक्षात यायला उन्हाळा उजाडला. दिव्याची काच पुसताना त्यांचा हात थांबला. एव्हाना हा दिवा कपाटाला टेकलेला हवा होता. भाऊ गेले त्या दिवसापासून टेकलेला हवा होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. उशीला मधोमध खड्डा होता, पण तो इतक्या वर्षांत कायमचाच झालेला. त्यांनी खड्ड्यात हात ठेवला. हातभर अंतरावर शेगडी पेटलेली होती, आणि उशी गार होती.

असेल, असं म्हणून त्यांनी काच पुसून घेतली.

बोट विकायचं मुलीने ठरवलं. वहिनींचे गुडघे गेले होते, त्यांना काठावर चढताना दोराला लटकावं लागायचं. ‘माझ्याकडे राहा’ म्हणून मुलगी कधीची मागे लागलेली. पण बोटीला तान्ह्या पोरासारखं कोणीतरी सतत लागतं. थंडीत चार दिवस एकटी सोडली तर नळ गोठून फुटतात आणि तळात पाणी भरतं. गिऱ्हाईक मिळालं तरच वहिनींची सुटका होती. आणखी एक हिवाळा इथे एकटीने काढणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

गिऱ्हाईक मिळालं. एक निवृत्त मास्तर, किरकोळ अंगाचे, स्वभावाने काटेकोर. बोट बघून जाताना त्यांनी खिशातली गोटी काढून जमिनीवर ठेवली. ती हलली नाही तेव्हा ते खूश झाले. तळ एकदा खरवडून, डांबर फासून द्या, म्हणाले, मी रविवारी येऊन पक्कं करतो.

म्हणून बोट गोदीत गेली. पाणी काढून टाकल्यावर ती ओंडक्यांवर बसली. मिस्त्रीने शेवाळ खरवडलं, गंज ठोकून पाडला, डांबराचे दोन हात दिले. मग आतून गंज बघायला त्याने फळ्या उचकटल्या, आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“वहिनी, हे लोखंड अजून इथंच?”

“कोण काढणार?”

“म्हणजे भाऊ गेल्यापासून असंच आहे?” त्याने एका लादीला पाय लावून पाहिला. “मग बोट सरळ कशी होती?”

“सरळ होती खरी,” वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीने मान खाजवली. मास्तरांच्या मूठभर हाडांना हे कशाला लागतंय, असं म्हणून त्याने सगळ्या लाद्या बाहेर काढून धक्क्यावर रचल्या.

गोदीत पाणी सोडलं. बोट ओंडक्यांवरून सुटली, क्षणभर तरंगली, आणि हळूच डावीकडे कलली.

मिस्त्रीने डावीकडची टाकी पाहिली, रिकामी होती. तळ पाहिला, कोरडा ठणठणीत होता. कपाटं उघडली, बाकाखाली वाकून हात फिरवला. काही नव्हतं.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” तो हसून म्हणाला. “इतकी वर्षं एका बाजूला झुकायची सवय लागली बिचारीला.” वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा त्याने डाव्या कुशीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी रेघ पाण्याखाली होती.

त्याने लाद्या पुन्हा उजवीकडे टाकल्या, गोदीतलं भंगार आणून आणखी भार घातला. संध्याकाळी बोट सरळ झाली. सकाळी पुन्हा डावीकडे. मिस्त्रीने चहा घेतला तो उभ्यानेच. एरवी आला की तो बाकावर पसरायचा.

“जेवढं इकडे टाकतोय तेवढं तिकडनं वाढतंय,” तो कपात बघत म्हणाला. “असंच टाकत राहिलो तर बोट तळाला जाईल. मी सगळं काढून घेतो, वहिनी. मास्तरांना आहे तशी दाखवू.”

“बरं.”

“तुम्हाला... काही जाणवतं का?”

वहिनींनी विचार करून पाहिला. जाणवायला हवं होतं. भीती वाटायला हवी, नाहीतर बरं तरी वाटायला हवं. वजन कमी करा म्हणून डॉक्टर सांगून थकले होते, आणि भाऊंनी जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

रविवारी मुलगी गाडी घेऊन आली. मागोमाग मास्तर आले. त्यांनी गोटी ठेवलीसुद्धा नाही. काठावरूनच दिसत होतं. डावीकडचं नवं डांबर पाण्यात गेलं होतं आणि उजवीकडचं वर निघून उन्हात चमकत होतं.

“मागे पाहिली तेव्हा अशी नव्हती,” मास्तर म्हणाले. “माफ करा, कललेली बोट मी घेणार नाही.”

मुलीने आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, “आई, हा एक हिवाळा काढशील का गं? पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघू.”

वहिनींनी आत वळून एकदा बाकाकडे पाहिलं. उशी आता पार चपटी झाली होती.

“मास्तर, जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “मी उतरते, मग बघा.”

पिशवी घेऊन, दोराला धरून त्या काठावर आल्या. बोट जराशी हलली. होती तशीच डावीकडे कलून राहिली.

“बघितलं,” मास्तर म्हणाले आणि जायला वळले.

वहिनी काठावर उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या. कुठेही निघायचं असलं की आधी त्या उतरायच्या. भाऊ मागे रेंगाळायचे. शेगडीची हवा बंद केली का, पंपाचं बटण बघितलं का, दोर नीट बसला का. काठावरून हाक मारल्याशिवाय ते कधी निघाले नव्हते.

हाक मारली नाही, तर हिवाळा. मारली, तर... ते मुलीच्या घरी गेल्यावर कळणार होतं.

“अहो,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “चला आता. गाडी थांबलीये.”

मुलगी चमकून आईकडे बघायला लागली.

आत किटलीचं झाकण वाजलं.

मग एक फळी करकरली. मग तिच्या पुढची. आवाज बाकापासून निघून मागच्या टोकाकडे येत होता, सावकाश, दम घेत.

बोटीचं मागचं टोक खाली गेलं. इतकं खाली की पुढचं टोक पाण्याबाहेर आलं आणि तळाचं डांबर दिसलं.

मग ते एकदम सुटलं. बोट वर आली, दोनदा डुलली, आणि सरळ उभी राहिली.

मिस्त्री दोन पावलं मागे सरला, अरुंद वाटेवर समोरच्याला जागा द्यावी तसा. मास्तर परत वळले होते. “आता कशी सरळ झाली,” ते समाधानाने म्हणाले. त्यांनी चढून आत गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही.

गाडीत मुलगी पुढे बसली. वहिनी मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. दार लावून घेतलं. गाडी थोडी दबली, मग पुन्हा एकदा दबली.

निघाल्यावर मागून घासल्याचा आवाज यायला लागला.

“आई, सामान किती भरलंस गं? चाक घासतंय.”

“ही एकच पिशवी आहे.”

“थांबवून बघू का?”

“नको. चल तू.”

वहिनी दाराकडे सरकून बसल्या. थोड्या वेळाने आणखी सरकल्या.