साडेनऊची फुलं

"नीट धर! पाय पोटात घुसतोय!" वाटाणा ओरडला.

"खुर्चीचा की माझा?" चिमट्याने विचारले.

"बोलू नका, उचला!" ढापणी म्हणाली.

बागेच्या कचेरीतली साहेबांची खुर्ची तिघे पोरे मागच्या उतारावर नेत होती. टेबलावर चिठ्ठी ठेवली होती : 'खुर्ची उतारावर आहे.' साडेनऊला गवत कापायचे यंत्र येणार होते.

या उतारावर एक वीतभर रोपटे उगवते. मटारच्या कुळातले, फूल पिवळे, नखाएवढे. दुसरीकडे कुठेच नाही. शेंगा धरण्याआधी कापले, तर पुढच्या वर्षी काहीच उगवणार नाही. ढापणीची आई दर वर्षी रोपटी मोजायची आणि यंत्रवाल्या काकांना गळ घालून कापणी लांबवायची. यंदा काका नवे होते. आई नव्हती. तिची वही होती.

वहीत गेल्या वर्षीचा आकडा एकशे बारा. कचेरीच्या नोंदवहीत मात्र चार वर्षे एकच शेरा : 'आढळले नाही.'

"साहेब आंधळे आहेत!" काल नोंदवही चाळताना वाटाण्याने निकाल दिला होता.

"वेळ बघ ना! दर वेळी दुपारी तीन. जेवण झाल्यावर!" ढापणीने आईची वही पुढे केली. 'नऊला उमलते, अकराला मिटते.' मिटले की रोपटे गवतात गवत!

साहेबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "सुट्टी आहे ना? खेळा जाऊन!"

म्हणून खुर्ची.

"माझी खुर्ची! कुठे गेली ती कार्टी?" साहेब धापा टाकत आले.

"इथेच आहोत. बसा ना, दमलात," चिमटा अदबीने म्हणाला.

ते बसले. खाली बघितले. चहूकडे पिवळे ठिपके!

"हे काय?"

"आढळले नाही ते!"

साहेबांनी हळूच दोन्ही बूट वर उचलले. तेवढ्यात यंत्र घरघरत आले. त्यांनी बसल्या बसल्याच हात वर केला. "थांबवा!"

सगळ्यांनी मिळून मोजले.

"चौऱ्याण्णव," ढापणी म्हणाली.

"खुर्चीच्या पायाखालचं धरून?" साहेबांनी विचारले.

"ते पंच्याण्णवावं होतं!"

साहेब ओशाळून हसले. नोंदवही मागवून त्यांनी लिहिले : 'वेळ नऊ पन्नास. आढळले.' मग म्हणाले, "चूक माझीच. शाबास, पोरांनो! पाहणी कोणी केली? नावं सांगा."

"आधी आईचं," ढापणी म्हणाली. "वेळ तिने शोधली."

रकाना अरुंद होता. साहेबांनी अक्षर बारीक केले आणि चारही नावे बसवली.